पाण्याच्या वाटेनं

मंगोलियातलं खारखोरिन सोडलं आणि तासाभरात डांबर संपलं. पुढे मी सायकल थांबवून मोजल्या: गवतातून शेजारीशेजारी गेलेल्या सोळा चाकोऱ्या. कुठे दोन एकत्र होत होत्या, कुठे एक फुटून टेकडीआड जात होती. एक चाकोरी पावसानं खचली की मागून येणारी गाडी तिच्या शेजारून जाते, तिच्यामागची त्याच नव्या ओळीतून, आणि अशी वर्षं गेली की माळावर चाकांची वेणी पडते. आपण ‘चाकोरीबाहेरचं’ असं किती सहज म्हणतो. तिथे उभी राहून मला आत कुठे आणि बाहेर कुठे तेच कळेना.

“यातली आपली कुठली?” मी आमच्या वाटाड्याला विचारलं.

त्यानं चाकोऱ्यांकडे पाहिलंच नाही. दक्षिणेच्या टेकड्यांमधली एक खाच हातानं दाखवली. “त्या खिंडीपलीकडे झरा आहे, ताई. या दिवसांत झऱ्यावर घरं असतात. पुढचं तिथे विचारू.”

चौदा दिवस आम्ही असेच गेलो. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत, आणि प्रत्येक पाण्यावर पुढच्या पाण्याची चौकशी करत. परत आल्यापासून सगळे मला उंट आणि डायनोसॉर विचारतात. तेही मी आनंदानं सांगते. पण माझ्यात रुतून बसलंय ते पाणी, आणि ते विसरायच्या आत लिहून ठेवायचंय.

वाट अशी होती. मंगोलियाच्या मधोमध, ओर्खोन नदीच्या खोऱ्यात खारखोरिन आहे. तेराव्या शतकातली चंगीझ खानाच्या वंशाची राजधानी काराकोरम ती हीच. आज तिथे त्या राजधानीचं जमिनीवर फारसं काही उरलेलं नाही. शेजारी एर्देने झू हा बौद्ध मठ आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, जुन्या राजधानीचेच दगड वापरून. त्याच्या तटावरचे १०८ पांढरे स्तूप सकाळच्या उन्हात बघून आम्ही निघालो. तिथून खांगाई डोंगरांच्या उताराला लागून दक्षिणेला, मग ओंगी नदीच्या कडेनं खाली, नदी संपते तिथून गोबीत, बायनझागचे लाल कडे, खोंगोरची वाळू, ‘योलिन आम’ ही घळ आणि शेवटी दालानझादगाद हे दक्षिण गोबीचं मुख्य गाव. सुमारे सहाशे किलोमीटर सायकलवर, बाकीचं गाडीत. आम्ही आठ सायकलवाले, एक वाटाड्या, एक चालक, एक स्वयंपाकीण. सामान, तंबू आणि पाण्याची पिंपं वाहायला एक ‘पुर्गोन’. ही पुर्गोन म्हणजे पावाच्या लादीसारखी दिसणारी रशियन गाडी. १९६५ पासून जवळपास त्याच रूपात बनते आणि तिथल्या कुठल्याही चालकाला ती उघडून जोडता येते.

याआधीच्या लांबच्या सायकलवाऱ्या मी स्वतः आखल्या होत्या आणि बहुतेक एकटीनं केल्या होत्या. कुणाच्या तरी मागून जायचं, हे मला सुरुवातीला पटत नव्हतं. मंगोलियाचा नकाशा उघडल्यावर पटलं. १५ लाख ६० हजार चौरस किलोमीटरचा देश, माणसं ३५ लाखांच्या आसपास, त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या उलानबातरमध्ये. जनावरं सहा कोटींच्या आसपास. नकाशावर निळी रेघ दिसते तिथे पाणी असेलच असं नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे नकाशावर काही नसतं. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या मागून जाण्यात मला आता कमीपणा वाटत नाही. खरं सांगायचं तर तो प्रवास वाटाड्याशिवाय केला असता तर मी फक्त अंतर कापून आले असते.

चालक साठीचे. सगळे त्यांना ‘अख’ म्हणायचे. अख म्हणजे दादा. स्वयंपाकीण ‘एग्च’, म्हणजे ताई. पहिल्या रात्री मी वाटाड्याला सांगितलं की आमच्याकडेही नावापुढे हेच लावतात, आणि ‘ताई’ हा शब्द त्याला शिकवला. दुसऱ्या दिवसापासून तो मला ताईच म्हणू लागला. अखांना मी चौदा दिवस ‘अख’च म्हटलं, त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना, पण तेवढ्या एका शब्दावर आमचं पुष्कळ चाललं.

पहिले चार दिवस हिरव्या-पिवळ्या माळाचे. सप्टेंबर लागला होता, गवत वरून पिकायला लागलं होतं. सायकलचं चाक गवताच्या बुडख्यावरून गेलं की दवण्याचा वास यायचा. अगदी दवणा! देवीला वाहतो तोच वास, जरा कडवट. त्या माळावर दवण्याच्या कुळातल्या वनस्पती भरपूर आहेत, पण हे मला नंतर समजलं; त्या क्षणी मी नुसती थांबून जमिनीकडे बघत राहिले. इतक्या लांब येऊन चैत्राचा वास पायाखाली मिळेल असं वाटलं नव्हतं.

ओढ्याकाठी कांड्या करकोचे जमलेले असायचे. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा तुरा. मंगोलियात त्यांची पिल्लं होतात आणि थंडीच्या आधी ते हिमालय ओलांडून भारतात उतरतात. राजस्थानात खीचनला हजारोंनी येतात. वाटाड्या म्हणाला, “आता दिवस भरलेत त्यांचे, जातील.” ज्या वाटेनं मी विमानानं आले होते ती वाट हे पक्षी पंखांनी उलटी कापणार होते. त्यांच्याकडे बघताना मी हात जोडले, कुणी बघतंय का याचा विचार न करता.

सायकलचं थोडं सांगते, कारण विचारणारे ते हमखास विचारतात. माळ दिसतो सपाट, पण चढ-उतार सतत असतात. चढ मला जड गेले नाहीत. जड गेला तो पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता. मातीच्या रस्त्यावरून चाकं वेगानं गेली की आडव्या लाटा उठतात, आणि प्रत्येक नवी गाडी त्या आणखी पक्क्या करते. त्यावरून दोन तास गेलं की बोटं सुन्न होतात, दात वाजतात. म्हणून चाकोरीच्या कडेची, गवत आणि लाट यांच्यामधली वीतभर पट्टी शोधत जायचं. वाळू लागली की टायरमधली हवा कमी करायची, हलक्या गिअरवर यायचं, अंग मागे झुकवायचं, हँडल सैल धरायचं आणि पाय थांबवायचे नाहीत. चाक डगमगतं, डगमगू द्यायचं. घट्ट धरलं की सायकल आडवी.

आणि वारा. सकाळी नसतो, दुपारी उठतो, आणि आडोसा म्हणून काही नसतंच. पाचव्या दिवशी वारा समोरून होता. तोंड कोरडं पडत होतं, पण बाटलीसाठी हँडल सोडलं तर तोल जाईल म्हणून मी पाणी प्यायचं टाळत गेले. चाळीस किलोमीटरनंतर डोळ्यांपुढे बारीक ठिपके आले. पाय उतरवून ठेवला तो ठेवलाच. अखांनी गाडी आणून वाऱ्याच्या बाजूला आडवी लावली. एग्चनी मला गाडीच्या सावलीत बसवून वाडगा हातात दिला: सूतै त्साय, दूध आणि मीठ घातलेला चहा. घरी मला चहात मीठ सोसलं नसतं. त्या दिवशी तीन वाडगे प्यायले. तिसऱ्याला कुठे माझ्या हातापायांत मी परत आले. घामानं गेलेलं मीठ आणि पाणी एकाच घोटात परत देणारं पेय त्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी घरोघर केलंय. त्यानंतर मी दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायले, वारा असो नसो.

त्याच संध्याकाळी ओंगी नदी भेटली.

नदी म्हणावी तर ती गुडघाभर होती, सायकल खांद्यावर घेऊन सात-आठ पावलांत पार करता येईल एवढी. खांगाई डोंगरात उगम पावून ती चारशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला येते आणि गोबीत, उलान नूर म्हणजे लाल सरोवर नावाच्या तळ्यात संपायची. संपायची, असंच म्हणायला हवं. एकीकडे पाऊस कमी झाला, दुसरीकडे उगमाच्या खोऱ्यात सोन्याच्या खाणी आल्या. सोनं धुवायला नदीचंच पाणी, आणि पात्र उकरून ढीग. नव्वदच्या दशकात नदी तळ्यापर्यंत पोहोचेनाशी झाली. तळं वाळलं. २००१ मध्ये काठावरच्या लोकांनी ओंगी नदी चळवळ उभी केली. तिचे पुढारी त्सेत्सेगी मुंखबायर स्वतः पशुपालकांच्या घरातले. त्यांना २००७ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. या आणि अशा चळवळींच्या रेट्यातून २००९ मध्ये नद्यांच्या उगमाजवळ खाणकामाला मनाई करणारा कायदा आला. त्याचं मूळ नाव एवढं लांबलचक आहे की तिथे त्याला ‘लांब नावाचा कायदा’च म्हणतात.

हे सगळं वाटाड्या सांगत होता तोवर अख बूट काढून पाण्यात उतरले होते. ते याच नदीकाठचे. लहानपणी इथे पोहायचो, म्हणाले, आणि हात छातीपर्यंत नेऊन पाणी किती असायचं ते दाखवलं. मग हात खाली आणत आणत गुडघ्यावर, घोट्यावर, आणि शेवटी तळवा उपडा करून जमिनीवर. तो उपडा तळवा त्यांनी थोडा वेळ तसाच ठेवला. नंतर उठून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडावरून फिरवलं.

नदीच्या दोन्ही काठांवर ओंगीच्या मठांचे अवशेष आहेत. १९३९ मध्ये, चोईबाल्सान या तेव्हाच्या कम्युनिस्ट सत्ताधीशाच्या राजवटीत मठांवर आणि भिक्षूंवर जे संकट आलं त्यात हे पाडले गेले. मातीच्या भिंती उताराच्याच रंगाच्या झाल्यात. मधे नव्यानं बांधलेलं छोटं मंदिर आहे, तिथे एक तरुण लामा पोथी वाचत होता. आत तुपाचा दिवा होता. मी नमस्कार करून बाहेर आले आणि बराच वेळ भिंतींमधून नुसती चालले. भिक्षू पाणी कुठून आणत असतील, कुठल्या दारातून नदीवर जात असतील, एवढंच मनात येत होतं.

ओंगी सोडली की गोबी. आपल्या डोळ्यांपुढे गोबी म्हटलं की वाळूच्या टेकड्या येतात. प्रत्यक्षात वाळू फार थोड्या भागात आहे, उरलेलं सगळं बारीक खडीचं, मुरमाचं पठार. भारताकडून निघालेला पावसाळा हिमालय आणि तिबेटचं पठार अडवून धरतात, म्हणून ही जमीन तहानेली. आपल्या वाट्याला पाऊस देणारा डोंगर तोच, त्यांच्या वाट्याला वाळवंट देणाराही तोच. वाटाड्याची व्याख्या वेगळी होती. “उंटाला पुरेल आणि मार्मोटला पुरणार नाही एवढंच गवत जिथे उगवतं, ती आमची गोबी.” मार्मोट म्हणजे माळावर बिळं करून राहणारी गुबगुबीत खार. खांगाईच्या बाजूला ती बिळाशी उभी राहून शिट्ट्या घालताना दिसायची. ओंगीनंतर एकही दिसली नाही.

आणि दवण्याच्या जागी कांदा आला. गोबीत रानकांद्याची पात उगवते, बोटभर उंच, जांभळट-पांढऱ्या फुलांची, मैलोन्‌मैल. उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस झालेला असेल तर सगळं पठार तिनं भरतं. आम्ही आठ जण तिच्यावरून जायला लागलो की कुणीतरी कांदा चिरायला बसलंय असा दरवळ उठायचा. एग्च संध्याकाळी ओंजळभर खुडून मटणाच्या शेवयांत टाकायच्या.

विहीर सातव्या दिवशी आली. दुपारचे दोन वाजले असतील. लांबून आधी गवत दिसलं: कमरेएवढे उंच, ताठ, झुपक्याझुपक्यांनी वाढलेले बुंधे. “देर्स,” वाटाड्या म्हणाला, “हे गवत दिसलं की पाणी फार खोल नाही असं समजायचं.” झुपक्यांमधे सिमेंटचा बुटका कठडा, त्यावर लाकडी झाकण, शेजारी लांबट डोण. डोणीभोवती शंभरेक शेळ्या-मेंढ्या आणि सहा घोडी. डोण कोरडी. माणूस नजरेच्या टप्प्यात कुठेही नाही. आम्हाला बघून जनावरं पळाली नाहीत, उलट सरकून जवळ आली.

आम्ही बाटल्या भरायला थांबलो होतो. वाटाड्यानं सायकल आडवी टाकली, झाकण काढलं आणि पोहरा आत सोडला. पोहरा ट्रकच्या जुन्या टायरचा होता: रबर कापून, तळाशी दुमडून, तारेनं शिवलेला, वर लोखंडी कडी. पहिला पोहरा वर आला तो त्यानं डोणीत ओतला. दुसराही. तिसराही. शेळ्यांनी एकमेकींच्या पाठीवर चढून तोंडं घातली, घोडी मागून माना लांब करून आली.

“यांचा मालक?” मी विचारलं.

“येईल संध्याकाळी. नाहीतर उद्या.”

“मग आपण का...”

त्यानं दोर ओढता ओढताच माझ्याकडे पाहिलं. “आपण आलोय ना.”

मी पुढे होऊन दोर घेतला. लहानपणी आजोळी पाणी शेंदलं होतं, हाताला ते आठवत होतं: दोर खेचायचा नाही, एका हातानं उचलून दुसऱ्यानं पकडायचा, पोहरा कठड्याला आपटू द्यायचा नाही. विहीर दोन पुरुष खोल असेल. रबरी पोहरा रिकामाच जड, भरला की खांदा खाली ओढतो. पण त्याचा एक गुण लगेच लक्षात आला, तो कठड्यावर कितीही आदळला तरी फुटत नाही, चेपत नाही. पाणी गार होतं, किंचित खारट. बारा पोहऱ्यांनंतर माझा दम गेला, मग आमच्यातल्या दुसऱ्या एकानं घेतला, मग तिसऱ्यानं. शेळ्या निवल्या तशी घोडी पुढे झाली. एक घोडी पिताना तिच्या घशाखालून जाणारा एकेक घोट कातडीवरून सरकताना दिसत होता. जनावरं तोंड वर करून उभी राहिली, ओठांवरून पाणी गळत होतं, तेव्हा वाटाड्यानं आमच्या बाटल्या भरल्या. मग दोर गुंडाळून ठेवला, पोहरा उपडा केला आणि झाकण लावून वर दगड ठेवला. झाकण लावलं ना हे वळून दोनदा पाहिलं. उघड्या विहिरीत कोकरू पडलं तर पाणी जातं आणि कोकरूही.

पाऊण तास गेला होता. वेळापत्रकात तो कुठेच नव्हता आणि आमच्यातल्या कुणी तो विषयही काढला नाही.

त्या रात्री एका गेरवर गेलो. गेर म्हणजे लाकडी जाळीच्या भिंतींवर लोकरीच्या नमद्याचं आवरण घातलेलं गोल घर. पोहोचायच्या आधी लांबूनच ओरडायचं, “नोखोई खोर!” म्हणजे कुत्रा धरा. दार दक्षिणेला. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. दिलेलं उजव्या हातानं घ्यायचं, डावा हात कोपराला लावून. मधे चुलीत रानशेण्या जळत होत्या, त्याचा वासही ओळखीचा. घरच्या आजींनी चहा, मग आरूल, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे तुकडे, दिले. ते चघळत बसायचं असतं.

आजींना वाटाड्यानं विहिरीचं सांगितलं. ती घोडी त्यांच्या पुतण्याची निघाली. त्यांनी मान हलवली, आभार वगैरे काही मानले नाहीत. मग बोलता बोलता झुदचा विषय निघाला. उन्हाळ्यात गवत आलं नाही आणि पाठोपाठ हिवाळा अतोनात कडक पडला, बर्फानं जमीन झाकून टाकली, की जनावरं उभ्या उभ्या मरतात. त्याला झुद म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये देशभरात ऐंशी लाखांहून जास्त जनावरं गेली. आजींच्या चारशेंतली साठ उरली होती. हे त्यांनी बोटांनी दाखवलं आणि लगेच वाडगा भरायला हात पुढे केला. त्या वर्षी त्यांना कुणी कुणी काय दिलं, कुणाच्या गवतावर त्यांची साठ जनावरं तगली, ती नावं मात्र त्यांनी एकामागून एक सांगितली. वाटाड्या भाषांतर करायचा थांबला, कारण नुसती नावंच होती. मी ती सगळी ऐकली.

बाहेर आलो तेव्हा आकाश इतकं भरलेलं होतं की नेहमीची नक्षत्रं सापडेनात. पूर्वेला एक ठसठशीत ग्रह वर आला होता. वाटाड्या बोट करून म्हणाला, “बार्खासबाद.”

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. बार्खासबाद. बृहस्पती!

“आणि तो?” दक्षिणेकडच्या पिवळसर ठिपक्याकडे मी बोट केलं. “सांचिर.” शनैश्चर. मग आम्ही दोघं अंधारात उभे राहून एकेक ग्रह जुळवत गेलो. बुध म्हणजे बुद. शुक्र म्हणजे सुगर. मंगळाचं नाव त्यानं सांगितलं अंगराग, आणि मला अंगारकी चतुर्थी आठवून डोळ्यांत पाणी आलं. बौद्ध ग्रंथांबरोबर ही संस्कृत नावं कधीतरी वाळवंट ओलांडून उत्तरेला गेली आणि पशुपालकांच्या तोंडी राहिली. त्याला तोवर माहीत नव्हतं की ही नावं आमची आहेत. मला माहीत नव्हतं की ती त्यांचीही आहेत.

बायनझागबद्दल थोडक्यात सांगते, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. सॅक्सॉल नावाच्या वाळवंटी झाडांची समृद्धी, असा त्या नावाचा अर्थ; त्यांची मुळं पाण्याच्या शोधात खोल खोल जातात. १९२३ मध्ये रॉय चॅपमन अँड्र्यूज या अमेरिकी संशोधकाच्या मोहिमेला इथल्या लाल कड्यांत डायनोसॉरच्या अंड्यांची घरटी सापडली. घरट्याशी एक वेगळाच सांगाडा होता, तो अंडी चोरायला आला असणार म्हणून त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, अंडीचोर. १९९३ मध्ये गोबीतच दुसरीकडे, तशाच अंड्यात त्याच कुळातलं पिल्लू सापडलं. अंडी त्याची स्वतःचीच होती. सात कोटी वर्षांपूर्वी आपल्या घरट्याशी मेलेल्या जिवावर सत्तर वर्षं चोरीचा आळ राहिला, आणि नाव तर अजून तेच आहे. मला ते बदलावं असं मनापासून वाटतं.

खोंगोरची वाळू शंभरेक किलोमीटर लांब पसरली आहे, आणि काही ठिकाणी तिची उंची तीनशे मीटरच्या घरात जाते. सायकली खाली ठेवून चढलो. दोन पावलं वर, एक खाली. माथ्यावरून बसून घसरलो तेव्हा अख्खा उतार बोलू लागला. कोरडे, सारख्या आकाराचे कण एकत्र सरकले की असा आवाज होतो, लांबवर विमान जावं तसा, आणि तो कानांआधी मांड्यांना कळतो. पण माझं लक्ष खाली होतं. वाळूच्या अगदी पायथ्याशी, हाताच्या अंतरावर, हिरवी पट्टी. खोंगोरचा ओढा. गवतात घोडी चरत होती. एवढ्या वाळूच्या कुशीत ते पाणी टिकून आहे, आणि अंधार पडेपर्यंत मी तिथेच, ओढ्याकाठी बसून राहिले.

पुढे गुरवानसैखानचे डोंगर, नावाचा अर्थ तीन सुंदऱ्या. १९९३ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातली योलिन आम ही घळ इतकी अरुंद आणि सावलीची की वाळवंटाच्या मधोमध तिथे बर्फ जुलैपर्यंत टिकतो. आम्ही गेलो तेव्हा बर्फ नव्हता, ओढा होता. योल म्हणजे दाढीवालं गिधाड. एक डोक्यावरून गेलं, पंख न हलवता, कड्याला लागून.

शेवटच्या दिवशी डोंगरातून पठारावर उतरायचं होतं. उतार लांब, वारा पाठीशी, मी पुढे निघून गेले. मागे वळून पाहिलं तर बाकीचे सायकलवाले धुळीचे ठिपके झाले होते. खाली दालानझादगादची पहिली छपरं उन्हात चमकत होती. तेवढ्यात डावीकडे देर्सचे झुपके दिसले.

मी हँडल वळवलं. चाकोरी तिकडे जात नव्हती.

विहिरीवर उंट होते, नऊ. दोन वशिंडांचे, काहींची वशिंडं एका बाजूला कललेली. डोणीत तळाला ओला डाग फक्त. मी सायकल आडवी टाकली. झाकणावरचा दगड उचलून बाजूला ठेवला, झाकण सरकवलं, पोहरा सोडला. दोर बराच वेळ हातांतून सरकत राहिला आणि मग खालून तो भरीव आवाज आला. दोन्ही हात एकाआड एक. पहिला पोहरा डोणीत ओतला तसा कोरडा सिमेंटचा तळ तो पिऊन टाकतो की काय असं वाटलं. पाचव्या पोहऱ्याला उंटांनी माना खाली केल्या. चौदाव्याला तळव्यांची साल निघाली, मी गळ्यातला रुमाल फाडून गुंडाळला. उंट एकदा प्यायला लागला की वर बघतच नाही, हे त्या दिवशी कळलं.

तेविसाव्या पोहऱ्याला दोर अचानक हलका झाला. वाटाड्या माझ्या मागे येऊन उभा होता, त्यानं माझ्या हाताच्या वरून दोर धरला होता. काही बोलला नाही. मी हात काढून घेतले आणि डोणीच्या कडेला बसले. पुर्गोन येऊन थांबली. अख उतरले, आणि सगळे उंट पिऊन होईपर्यंत दोघांनी मिळून पाणी शेंदलं. शेवटी अखांनी पोहरा उपडा करून माझ्याकडे पाहिलं आणि झाकणाकडे हात केला.

मी उठून झाकण सरकवलं. वर दगड ठेवला.